अद्भुताचे क्षितिज आणि स्पष्टीकरणाचा हव्यास

ज्या जगात ड्रॅगन असतात त्या जगात ड्रॅगन हा अद्भुत असतो काय? प्रश्न विक्षिप्त वाटला तरी अद्भुतिकेच्या, म्हणजे ज्याला आपण सरसकट 'फँटसी' म्हणतो त्या प्रकाराच्या, सैद्धांतिक विचारात तो टाळता येत नाही. भरताने अद्भुतरसाचा स्थायी 'विस्मय' सांगितला आणि त्या रसाचे दिव्य व आनंदज असे दोन प्रकार मानले. दिव्य दर्शनातून होणाऱ्या विस्मयाला लौकिकाची पार्श्वभूमी लागते. अप्सरा राजाच्या अंगणात उतरते म्हणून राजा थक्क होतो. परंतु ज्या कथेची सारी भूमीच अलौकिक आहे, जेथे अप्सरा शेजारच्या घरात राहते, तेथे विस्मयाचा आलंबनविभाव कोणता मानायचा?

गेल्या काही वर्षांतील कादंबऱ्या, चित्रपट, मालिका आणि संगणकीय खेळ यांनी या प्रश्नाला एक व्यावहारिक उत्तर दिले आहे. अधिक तपशील, अधिक नकाशे, अधिक वंशावळी. मूळ कथेत जे जे अंधारात राहिले असेल त्यावर प्रकाश टाकणाऱ्या पूर्वकथा. प्रस्तुत लेखक या वाङ्मयप्रकाराचा जुना चाहता आहे आणि वरील सामग्रीचा बराच मोठा भाग त्याने आवडीने वाचला, पाहिला व खेळला आहे. तरीही त्याला असे वाटते की या उत्तराने अद्भुताचे मूळ स्थानच हलवले गेले आहे.

त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० साली केलेल्या मांडणीत अद्भुताचा गाभा वाचकाच्या दोलायमानतेत आहे. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय जोवर होत नाही तोवरच अद्भुत टिकते. निर्णय झाला की संहिता एका किंवा दुसऱ्या शेजारच्या प्रकारात जाते. (अभिनवगुप्तांनी 'संशययोग' हे रसविघ्न मानले, हे येथे आठवते. अर्थात तो संशय कोणता स्थायी सूचित आहे याविषयीचा असल्याने दोहोंची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.) तोदोरोव्हची मांडणी भुताखेतांच्या कथांना चपखल बसते. टॉल्किनच्या प्रकारच्या कथेपाशी मात्र ती थांबते, कारण तेथे दोलायमानता मुळातच नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) वाचताना एल्फ खरे की खोटे हा प्रश्न कोणालाही पडत नाही. १९३९ साली परीकथांवर दिलेल्या आणि १९४७ साली विस्तारित रूपात प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात टॉल्किनने कथाकाराला एका दुय्यम विश्वाचा निर्माता मानले. आपल्याकडे त्रिशंकूसाठी विश्वामित्राने उभारलेल्या 'प्रतिसृष्टी'चा शब्द तयार आहे. तोच येथे वापरू. प्रतिसृष्टीत शिरलेल्या वाचकाने तिचे नियम आधीच मान्य केलेले असतात. मग विस्मय कोठून येतो?

टॉल्किनने १९६३ सालच्या एका पत्रात याचे जे उत्तर सुचवले आहे ते त्याच्या व्याख्यानापेक्षाही महत्त्वाचे वाटते. त्याच्या मते त्या कथेच्या आकर्षणाचा एक भाग पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या विस्तीर्ण इतिहासाच्या ओझरत्या दर्शनात आहे. ते आकर्षण दूरवरून दिसणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या बेटाच्या आकर्षणासारखे आहे. तेथे जाऊन पोहोचणे म्हणजे ती जादू संपवणे. अपवाद एकच, तेथून पुढे आणखी न गाठता येणारी दृश्ये दिसली तर. याचा अर्थ असा की प्रतिसृष्टीतील अद्भुत हे तिच्यातील वस्तूंचा वा प्राण्यांचा गुणधर्म नाही. कथनाने जेवढे व्यापले त्याच्या पलीकडे काही उरले आहे, ही जी वाचकाची सततची जाणीव, तिच्यात ते राहते. त्याला आपण 'क्षितिज' म्हणू. चालू लागले की क्षितिज मागे सरते, आणि ते मागे सरण्यातच त्याचे क्षितिजपण असते.

या दृष्टीने टॉम बॉम्बाडिल या पात्राचा प्रवास बोधक आहे. टॉल्किनच्या कथेत हा जंगलातला, गाणी म्हणणारा, निळा कोट आणि पिवळे बूट घातलेला गृहस्थ सुरुवातीला भेटतो. साऱ्या जगाला भ्रष्ट करू शकणारी अंगठी तो बोटात घालतो आणि अदृश्य होत नाही. फ्रोडो ती घालतो तेव्हा इतरांना न दिसणारा फ्रोडो त्याला दिसतो. तो कोण, या प्रश्नाला गोल्डबेरी प्रथम जे उत्तर देते त्यात एक सर्वनाम आणि एक क्रियापद यांखेरीज काहीही नाही. पुढे एल्रॉन्डच्या सभेत अंगठी त्याच्या हवाली करण्याची सूचना निघते, ती फेटाळली जाते, कारण तो ती विसरून जाईल किंवा कोठेतरी टाकून देईल. साऱ्या महायुद्धाचे जे केंद्र ते ज्याच्या लेखी खिजगणतीतही नाही असा एक जण या जगात आहे, एवढेच आपल्याला कळते; आणि एवढ्याने ते युद्ध त्या जगापेक्षा लहान ठरते. आपण त्याला हेतुपुरस्सर कोडे म्हणून ठेवले, असे टॉल्किनने १९५४ सालच्या एका पत्रात लिहिले आहे.

पीटर जॅक्सनच्या चित्रपटत्रयीने (२००१-०३) बॉम्बाडिलला वगळले. कथानक पुढे नेण्यास तो उपयोगी नाही, हे त्यामागचे कारण चित्रपटाच्या तर्काने बरोबरच होते. (त्याच्या तोंडची काही वाक्ये विस्तारित आवृत्तीत ट्रीबिअर्डकडे गेली, ही गंमत जाणकारांना ठाऊक असेल.) वगळण्याने एक वजाबाकी झाली, पण अर्थ बिघडला नाही. २०२४ साली 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात तो परतला तो रूनच्या ओसाड प्रदेशात, स्मृती हरवलेल्या एका जादूगाराचा मार्गदर्शक म्हणून. आता त्याला काम आहे: शिष्याला कर्तव्याची जाणीव करून देणे, त्याची परीक्षा पाहणे. अभिनय चांगला आहे, गाणीही आहेत. नाही ते एवढेच की ज्याला जगाच्या भानगडींत काडीचा रस नव्हता तोच आता त्या भानगडींच्या नियोजनात सामील झाला आहे. कोड्याला भूमिका मिळाली की ते कोडे राहत नाही, सोयीचे पात्र होते.

याच मालिकेच्या पहिल्या पर्वात (२०२२) मिथ्रिल या धातूला उगमकथा देण्यात आली. एक एल्फ आणि एक बालरॉग पर्वतावरच्या एका झाडासाठी लढले, त्या झाडात एक हरवलेले सिल्मरिल होते, वीज पडली आणि तिच्यातून हा धातू मुळांमार्गे खोल उतरला. टॉल्किनच्या कथेत मिथ्रिल दुर्मीळ, हलके आणि सुंदर आहे. बौने त्याच्या लोभाने खोल खणत गेले आणि अनर्थ ओढवून बसले. त्या लोभाला कारण लागत नव्हते, सौंदर्य पुरेसे होते. मालिकेत एल्फांचे अस्तित्वच या धातूच्या पुरवठ्यावर येऊन ठेपते. ज्वालामुखीचा उद्रेक एका किल्लीने धरण फोडून कसा घडवला, हेही ती साग्रसंगीत दाखवते. मॉर्डॉर कसा झाला याचे यंत्र समजते, पण मॉर्डॉरची धास्ती वाढत नाही.

मालिकेच्या निर्मात्यांनाच येथे दोषी धरणे हे सोयीचे होईल. त्यांनी एका जुन्या प्रवाहाच्या दिशेनेच पाऊल टाकले. तो प्रवाह पुस्तकांकडून खेळांकडे आणि खेळांकडून पुन्हा पुस्तकांकडे वाहत आला आहे. १९५० साली जॅक व्हॅन्सच्या 'द डाइंग अर्थ'मध्ये एक कल्पना होती: सूर्य विझत चाललेल्या त्या पृथ्वीवरचा जादूगार मंत्र पाठ करतो, आणि मोठे असतील तर चार, लहान असतील तर सहा, याहून अधिक मंत्र त्याच्या मनात मावत नाहीत, उच्चारला की मंत्र स्मृतीतून पुसला जातो. हजारो मंत्र जाणणारे पूर्वज होऊन गेले, आता शंभरेक उरले आहेत. म्हणजे ही मर्यादा त्या जगाच्या ऱ्हासाची, वितळत जाणाऱ्या विद्येची खूण होती. तिच्यात शोक होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा ही कल्पना उचलली गेली, आणि खेळाच्या गरजेने तिचा जमाखर्च झाला: अमुक पायरीच्या जादूगाराला दिवसाला अमुक मंत्र. नियम तोच राहिला. शोक तेवढा गळाला. आज 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) पडद्यावर फासा घरंगळताना दिसतो तेव्हा त्या फाशाची स्वतःची एक मौज आहे. पण ती द्यूताची मौज आहे. तिला अद्भुत म्हणण्यात शब्दाचा अपव्यय होईल.

या खेळांवर वाढलेल्या पिढीने पुढे कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतही जादू ही एक 'पद्धती' झाली. ब्रँडन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) निरनिराळे धातू गिळून पोटात 'जाळले' की निरनिराळ्या शक्ती मिळतात, आणि या शक्तींचे कोष्टक मांडता येते इतके ते काटेकोर आहे. २००७ साली त्याने यामागचा नियमही सांगितला: वाचकाला जादू जितकी समजली असेल तितक्याच प्रमाणात लेखकाने तिच्या आधारे संघर्ष सोडवावा. कथानकाच्या प्रामाणिकपणाचा नियम म्हणून हा निर्दोष आहे. ऐनवेळी आकाशातून मदत आणणाऱ्या लेखकांना तो कोणीतरी सांगायलाच हवा होता. रसविचाराच्या भाषेत बोलायचे तर अभिनवगुप्तांच्या सात रसविघ्नांपैकी पहिले जे 'संभावनाविरह', ते या काटेकोरपणाने दूर होते. एक विघ्न दूर झाले म्हणून बाकीची सहा दूर होत नाहीत. किंबहुना कोष्टकच कथेच्या मध्यभागी येऊन बसले की सहाव्या विघ्नाला, म्हणजे 'अप्रधानते'ला, दार उघडे होते. जे साधन होते तेच प्रधान होते आणि चर्वणेचा विषय बाजूला पडतो. इंग्रज कादंबरीकार एम. जॉन हॅरिसन याने त्याच वर्षी विश्वरचनेच्या या सोसावर कडाडून टीका केली. लेखकाने जगाचा कोपरान् कोपरा मोजून ठेवला की वाचकाच्या वाट्याचे काम उरत नाही, हा त्याचा रोख होता. तो टोकाचा आहे, पण निशाणा चुकलेला नाही.

तरीही नियम आणि अद्भुत यांचे हाडवैर आहे असे समजणे घाईचे ठरेल. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट या संदर्भात पाहण्याजोगा आहे. चित्रपट हिंदी असला तरी त्याची भूमी कोकणातली आणि प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची आहे. तो आपले दैवत आणि त्याचे नियम अगदी आरंभीच सांगून टाकतो: समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याचा धनी झाला, धान्याकडे हात नेताच त्याच्यावर देव तुटून पडले, आईने त्याला वाचवले ते त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. तो भुकेला आहे, म्हणून कणकेची बाहुली. तो पीठ ओलांडू शकत नाही, म्हणून पिठाचे रिंगण. सँडरसनलाही समाधान वाटावे इतके हे गणित स्वच्छ आहे. आणि अखेरचा अनर्थ याच गणितातून येतो: एक बाहुली नेली तर एक हस्तर, मग अनेक नेल्या तर? हा विचार विनायकाचा मुलगा करतो, बापाकडून शिकलेल्या हिशेबाने. येथे नियम हे लोभाचे माप झाले आहे. नियम जसजसा अधिक कळतो तसतसा मनुष्य अधिक उघडा पडतो, आणि ज्या देवीच्या गर्भात हे सारे घडते ती मात्र शेवटपर्यंत दिसत नाही, बोलत नाही. येथील रस प्रधानतः भयानक आणि बीभत्स आहे हे मान्य. पण स्पष्टीकरण क्षितिज न पुसताही देता येते, याचा तो पुरावा आहे.

'तुंबाड'सारख्या कृतीचे काय करावे हे मराठी समीक्षेला अद्याप नीटसे सुचलेले नाही, हे जाता जाता नमूद करायला हवे. राजवाड्यांच्या 'कादंबरी' (१९०२) या निबंधापासून आपण अद्भुत आणि वास्तव यांचा विचार एका तराजूच्या दोन पारड्यांसारखा करीत आलो. नेमाड्यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती मांडल्यावर अद्भुताचा पत्ता 'मुक्तामाला'च्या रंजनपर गल्लीत कायमचा लिहिला गेला. 'मंजुघोषे'च्या परंपरेविषयी तो निवाडा योग्यच होता. परंतु अद्भुत हे वास्तवापासून पळ काढण्याखेरीज दुसरे काही करू शकते काय, हा प्रश्न त्यामुळे विचारायचाच राहून गेला.

'एल्डन रिंग' (२०२२) हा जपानी खेळ मला या साऱ्या चर्चेत सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत मोलाचा दाखला वाटतो. प्रदर्शित झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत त्याच्या एक कोटी वीस लाख प्रती गेल्या, तेव्हा तो मूठभरांचा छंद आहे असे म्हणण्याची सोय नाही. त्याच्या पौराणिक पार्श्वभूमीचे लेखन जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे, दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे. अंकगणित यातही भरपूर आहे: बळ, बुद्धी, श्रद्धा, साऱ्यांना आकडे. पण कथा कोणी सांगत नाही. प्रारंभीच्या त्रोटक निवेदनानंतर निवेदक गप्प होतो. राणी मारिकाने एल्डन रिंग का फोडली, तिच्या मुलांत कोणाचे काय चुकले, हे तलवारींच्या, शिरस्त्राणांच्या, मंत्रांच्या वर्णनातील चार-दोन ओळींत विखुरले आहे, आणि त्या ओळी एकमेकींशी नेहमी जुळतातच असे नाही. लहानपणी आवाक्याबाहेरची पुस्तके वाचताना न कळलेल्या जागा आपण कल्पनेने भरीत असू, असे मियाझाकींनी मुलाखतीत सांगितले आहे. वोल्फगांग ईझरने वाचनव्यापाराचा विचार करताना संहितेतील ज्या रिक्त जागांना कळीचे महत्त्व दिले, त्यांचा हा जणू बालपणातला शोध.

आणि या खेळात क्षितिज अक्षरशः दिसते. एर्डट्री हा प्रचंड सुवर्णवृक्ष त्या प्रदेशात जवळपास कोठूनही दिसत राहतो. खेळणारा पन्नास-साठ तास त्याच्या दिशेने चालतो. बुंध्याशी पोहोचतो तेव्हा प्रवेशद्वार काट्यांनी बंद असते, आणि ते उघडायचे तर तो वृक्षच जाळावा लागतो. टॉल्किनच्या पत्रातील बेटाचा हा क्रूर प्रतिध्वनी आहे. जे दूरून पाहायचे होते त्याच्यापर्यंत जाण्याची किंमत त्या खेळाने हिशेबात धरली आहे.

आता अडचण अशी की रिक्त जागा दिसली की ती बुजवणाऱ्यांचा समुदायही जमतो. चाहत्यांच्या भाषेत या माहितीला 'लोर' म्हणतात. तिचे कोश बनतात, तासन्‌तास चालणारी भाष्ये बनतात, आणि असंख्य खेळणारे स्वतः कोडे सोडवण्याऐवजी भाष्य ऐकून मोकळे होतात. हे टीकापरंपरेला नवे नाही. मूळ काव्य न वाचता टीका पाठ करणारे विद्यार्थी आपल्या परिचयाचे आहेत. फरक एवढाच की येथे टीकाकार आणि उद्योग यांची एकमेकांना निकड आहे: कोशातली प्रत्येक रिकामी जागा पुढच्या पूर्वकथेची मागणी ठरते. चाहत्याचे प्रेमच क्षितिजाला खतावणीत ओढून आणते.

'एल्डन रिंग'चाही पुढचा भाग जून २०२४मध्ये आला आणि त्यात बरेच काही उलगडले. काही उलगडे, खरे सांगायचे तर, निव्वळ कुतूहल शमवणारे होते. एक मात्र वेगळा होता. बाजूच्या एका वाटेने गेले तर मारिकाच्या मूळ गावी पोहोचता येते. तेथे शत्रू नाही, संवाद नाही. फुले आहेत, ओसाड झोपड्या आहेत, एक लहानसे सोनेरी झाड आहे. तेथे मिळणाऱ्या मंत्राच्या वर्णनातून कळते ते असे: तिने आपले गाव सोन्यात न्हाऊ घातले, बरे करायला तेथे आता कोणीही उरलेले नाही हे ठाऊक असूनही. साऱ्या साम्राज्याचा, साऱ्या संहाराचा उगम सांगणारी ही जागा. उगम सांगितला गेला, आणि त्यामुळे मारिका लहान झाली नाही. तिच्या मागे आणखी एक अंतर उघडले. बेटावर पोहोचल्यावर दुसरे बेट दिसावे, हा जो टॉल्किनने सांगितलेला अपवाद, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण अलीकडच्या काळात माझ्या पाहण्यात नाही.

चाहत्याच्या या द्विधा स्थितीचा सर्वांत सूक्ष्म विचार सुझॅना क्लार्कच्या 'पिरानेसी' (२०२०) या कादंबरीत आढळतो. नाव अठराव्या शतकात काल्पनिक तुरुंगांची चित्रे कोरणाऱ्या इटालियन कलावंताचे. कादंबरीतील घर म्हणजे पुतळ्यांनी भरलेल्या दालनांची अंतहीन रांग. खालच्या दालनांत समुद्र, वरच्यांत ढग. तेथे राहणारा नायक रोजनिशी लिहितो, तिची सूची करतो, पुतळ्यांची नोंद ठेवतो, भरतीची वेळापत्रके मांडतो. पश्चिमेस ९६०, उत्तरेस ८९० आणि दक्षिणेस ७६८ दालनांपर्यंत तो जाऊन आला आहे. म्हणजे तोही कोशकारच. त्याला आठवड्यातून दोनदा भेटणारा 'दुसरा' मात्र या घरात एक महान गुप्त ज्ञान शोधतो आहे, ज्याने माणसांवर सत्ता चालवता येईल. एका चांदण्या रात्री नायकाच्या लक्षात येते की या शोधापायी आपण घराला सोडवायचे कोडे समजू लागलो; आणि ते ज्ञान उद्या सापडलेच तर घराचे सारे मोल निघून जाईल, मागे उरेल तो नुसता देखावा.

दोघेही मोजतात, पण एकाची मोजणी प्रदक्षिणेच्या जातीची आहे आणि दुसऱ्याची झडतीच्या. नायक मृतांच्या अस्थींना अन्न आणि कमळे वाहतो, त्यांना नावे देतो, त्यांची काळजी घेतो. त्याची सूची घराला संपवीत नाही. कादंबरीच्या रचनेतही हा भेद उतरला आहे. तिच्यात एक गुन्हा आहे, आणि तो रहस्यकथेच्या शिस्तीने पूर्णपणे उकलतो. नायक कोण, तो तेथे कसा आला, त्याला कोणी फसवले, सारे कळते. घर मात्र कळत नाही. क्लार्कने जे स्पष्ट करायचे ते निःसंकोचपणे स्पष्ट केले आणि जे राखायचे ते राखले. बहुतेक पूर्वकथाकारांना ही विभागणी करता येत नाही. 'पिरानेसी'ला २०२१ साली विमेन्स प्राइझ मिळाले तेव्हा अद्भुतिकेला प्रतिष्ठा मिळाली म्हणून चाहत्यांना आनंद झाला. तिच्यातील या शिस्तीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

भरताने नाट्याच्या निर्वहणसंधीत अद्भुतरस योजावा असे सांगितले आहे. सारे धागे जुळून आल्यावर विस्मय का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. 'पिरानेसी'च्या अखेरीस नायक आपल्या नेहमीच्या जगात परतला आहे, गुन्ह्याचा निकाल लागला आहे, बाहेर बर्फ पडत आहे. रस्त्यात एक थकलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा त्याच्याजवळून जातो, आणि तो त्याला ओळखतो: पश्चिमेकडच्या अठ्ठेचाळिसाव्या दालनात, उत्तरेच्या भिंतीवर हा राजा आहे, त्याच्या एका हातात तटबंदीच्या नगराची लहानशी प्रतिकृती आहे आणि दुसरा हात आशीर्वादासाठी उचललेला.